तीस दिवसांच्या आत

अठ्ठाविसाव्या दिवशी मी निघालो. मेडशीच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली होती, पेटी टपावर चढली होती आणि मी खिडकीपाशी जागा धरून बसलो होतो. खाली माय उभी होती. तीन दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, साक्षगंध होतं. मंगरूळपीरचे पाहुणे यायचे होते, मांडवाच्या बल्ल्या अंगणात येऊन पडल्या होत्या. साडेचार वर्षांनी कुवेतहून आलेला थोरला भाऊ, म्हणजे मी, मात्र तीन दिवस थांबायला तयार नव्हता.

"तीन दिवसानं काय बुडते तुह्या सायबाचं?" माय म्हणाली.

"सायबाचं नाई माय, सरकारचं हाय. तीस दिवसाच्या आत निंघा लागते."

"मायच्या घरी किती दिवस राहाचं, तेबी सरकारच ठरवून राह्यलं काय?"

मी तिच्यावर ओरडलो. सगळा स्टँड ऐकत होता. तुले समजत नाई त बोलू नको, असं म्हणालो. गाडी सुटली तेव्हा ती माझ्याकडे नाही, टपावरच्या पेटीकडे पाहत होती. गावात सांगायला आम्ही कंपनीची तार आल्याचं ठरवलं होतं, पण माझ्या ओरडण्यानं तेही फुकट गेलं.

हे मी दोघांसाठी लिहितो आहे. जे गावात राहिले आणि अजून मला "तारवाला" म्हणतात त्यांच्यासाठी. आणि जे माझ्यासारखे समुद्रापार गेले आणि पहिल्या रजेवर निघताना चार जणांना विचारतात की बाबा रे, घरी किती दिवस राहिलं की टॅक्स लागतो, त्यांच्यासाठी. पहिल्यांनी मला माफ करावं असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्यांनी मी ज्याला विचारलं त्याला विचारू नये, एवढंच आहे.

मी सातवीपर्यंत शिकलो. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटरच्या हाताखाली लागलो, तिथून मुंबई, मुंबईहून एका एजंटामार्फत कुवेत. एजंटानं जे मागितलं त्याच्या दोन तृतीयांश पैशांत मी गेलो. माझ्याबरोबर त्याच विमानात बसलेल्या बाकीच्यांनी पुरे मोजले होते. कुवेतला काम पाइप बसवण्याचं. दुसऱ्या वर्षी फोरमन मला सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, व्हॉल्व्ह आणायला घेऊन गेला. दुकानदारानं भाव सांगितला आणि फोरमन खिशात हात घालू लागला. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं. तीनदा आत गेलो, तीनदा बाहेर आलो, चौथ्यांदा दुकानदारानं स्वतःच चहा मागवला. त्या दिवसापासून कंपनीची सगळी खरेदी माझ्याकडे आली. मला अरबी येत होती ती आकड्यांपुरती, आणि वर "खलास". धंद्याला तेवढी पुरली.

मी पैसे पाठवत गेलो आणि मेडशीत घर उभं राहिलं. आधी आमचं घर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, कुडाचं होतं, वर टिनं. आता विटांच्या भिंती, वर स्लॅब. आमच्या वस्तीतला तो पहिला स्लॅब. सिमेंटच्या परमिटसाठी बाबा वाशीमच्या तहसिलीत इतक्यांदा गेले की तिथला शिपाई त्यांना ओळखून स्वतःहून बसायला स्टूल देऊ लागला. घरात एक खोली माझी. तिला सगळे "दादाची खोली" म्हणत. मी तिकडे बरॅकमध्ये सहा जणांत एका पंख्याखाली झोपत होतो आणि इकडे माय रोज ती खोली झाडत होती, खाटेवरची चादर काढून झटकून पुन्हा घालत होती. वसंताला, माझ्या धाकट्या भावाला, तिनं तिथं कधी झोपू दिलं नाही.

घर पुरं झाल्यावर बाबांनी एक गोष्ट मला न विचारता केली. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही, माझं घातलं. घरपट्टीची पहिली पावती माझ्या नावानं फाटली आणि ती त्यांनी एअरमेलच्या लिफाफ्यात घडी करून मला कुवेतला पाठवली. सोबत दोनच ओळी होत्या, शाळेतल्या मास्तरकडून लिहून घेतलेल्या. आज्याचं घर पाटलाच्या मर्जीवर उभं होतं, असं त्यात होतं, आणि हे कोणाच्या मर्जीवर नाही. बाबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा परत येऊन घरातले देव त्यांनी नदीत सोडले होते. त्यानंतर मनापासून जपून ठेवावी अशी वस्तू त्यांच्याकडे मला वाटतं ही पावतीच होती. ती पावती मी पाकिटात ठेवली. सूकमध्ये पैसे काढताना ती दिसायची.

आता टॅक्सचं. कुवेतमध्ये इन्कम टॅक्स नावाची गोष्टच नाही. पण रजेवर निघणारा प्रत्येक जण त्याच्याच धास्तीत असे. मेसमध्ये बसलं की जो तो वकील. लुधियानाचा इलेक्ट्रिशियन म्हणे, सहा महिन्यांपर्यंत कोणी विचारत नाही. एक मलबारी सुतार म्हणे, साठ दिवस. तिसरा म्हणे, घर असलं तर तीसच, आणि मग इथली वर्षाची सगळी कमाई तिथं दाखवावी लागते. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मी रजेवर निघालो ते आणीबाणीचं वर्ष होतं. छाप्यांच्या बातम्या तिकडेही पोचत होत्या. घामाचा पैसा कोणी कागदाच्या एका ओळीनं उचलून नेईल ही कल्पना मला सहन होत नव्हती. अजूनही होत नाही.

म्हणून घरी पोचल्यावर सोळाव्या दिवशी मी अकोल्याला गेलो. कापूस बाजाराजवळ एका माडीवर टॅक्सचं काम करणारा एक जण बसे. आमच्या भागातले व्यापारी त्याच्याकडे जात, त्याला वकीलसाहेब म्हणत. तो वकील नव्हता, विक्रीकराचे फॉर्म भरणारा होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. परदेशात राहणाऱ्याचा टॅक्स त्यानं आधी कधी पाहिला होता की नाही, कोणास ठाऊक. त्यानं सल्ल्याचे शंभर रुपये सांगितले. मी उठलो. त्यानं बसवलं. साठ. मी पुन्हा उठलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना त्यानं वरून हाक मारली.

"पंचवीस द्या. पण पंचविसात पुस्तक उघडणार नाही. तोंडी सांगेन."

"तोंडीच सांगा," मी म्हणालो. मला वाटलं, जिंकलो.

त्यानं तीन प्रश्न विचारले. घर आहे का? आहे. कोणाच्या नावावर? माझ्या. आल्याला किती दिवस झाले? सोळा. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "घर आपलं असलेल्या माणसाला वर्षात तीस दिवस भरले की तो इथला रहिवासी झाला. मग कुवेतची कमाईसुद्धा टॅक्सात. यंदा तीसच्या आत परत जा. आणि पुढच्यासाठी घरावरचं नाव काढून टाका. घर नाही तर भानगड नाही."

एवढंच. पाच मिनिटं लागली असतील.

संध्याकाळी ओसरीवर मी बाबांना सांगितलं की घर वसंताच्या नावावर करायचं. ते चिलीम साफ करत होते.

"कागदावर नाव चढाले तीन पिढ्या गेल्या," ते म्हणाले, "अन् तू उतरवाले सांगून राह्यला?"

"नुसता कागद हाय बाबा. घर तं आपलंच हाय."

"कागद नुसता असता त तू अकोल्याले कायले गेल्ता?"

माझं डोकं तापलं. मी म्हणालो की तिकडे पन्नास अंशांच्या उन्हात मी तापतो, तुमी नाई. बाबा उठून आत गेले. पण नोंदीच्या वेळी ते माझ्याबरोबर पंचायतीत आले. स्टँप पेपरवर मी संमती लिहून दिली, वसंतानं खाली सही केली, ग्रामसेवकानं ठराव करून घेतला. वसंता तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्यानं एकदा मला विचारलं, दादा, पक्कं ना? मी म्हणालो, सही कर. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी एसटीत बसलो.

कुवेतला परत आल्यावर काही दिवस मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. मग ते वाटणं गेलं आणि बेचैनी आली. बरॅकमध्ये पडलो की साक्षगंधाला कोण कुठं बसलं असेल, मंगरूळपीरच्या पाहुण्यांना थोरला भाऊ कुठं आहे म्हणून काय सांगितलं असेल, असलं काहीतरी डोक्यात चाले. मी उठून बसे. पाकिटातली घरपट्टीची पावती आता जुनी झाली होती. नवी येणार नव्हती.

आमच्या कंपनीत हिशेबाला शेणॉय म्हणून एक जण होता. मंगळूरकडचा, मुंबईत वाढलेला, त्याला मराठी बरी येई. आमचं बोलणं बंद होतं. सूकमधले छोटे दुकानदार पावती देत नाहीत, आणि हा पावतीशिवाय एकही खरेदी पास करायचा नाही. एकदा त्यानं माझी तीन व्हाउचरं परत पाठवली, वर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून. मी त्याच्या टेबलावर फाइल आपटली आणि सगळ्यांसमोर त्याला कारकुंडा म्हणालो. तेव्हापासून त्याला काही सांगायचं असलं तर मी फोरमनमार्फत सांगत होतो. दोन वर्षं.

एके दिवशी दुपारी मेसमध्ये अमरावतीकडचा एक नवा वेल्डर माझ्याजवळ येऊन बसला. त्याची पहिली रजा होती. मी त्याला समजावत होतो: गड्या, आधी घरावरचं नाव काढून टाक, मग बिनघोर राहा. शेजारच्या टेबलावर शेणॉय जेवत होता. त्यानं खुबूसचा, तिथल्या रोटीचा, तुकडा ताटात ठेवला.

"हे कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला. मला. दोन वर्षांनी.

"अकोल्याच्या वकिलानं."

"कायद्यात नाव कुठं आहे? दाखव मला."

मी म्हणालो, माझ्याकडे कायदा नाही. तो म्हणाला, माझ्याकडे आहे. उठला, हात धुतले आणि खोलीतून एक जाड, कडा कुरतडलेलं पुस्तक घेऊन आला. वेल्डर माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. शेणॉयनं पान काढलं, बोट ठेवलं आणि इंग्रजीतली ओळ वाचून तिचं मराठी करून सांगितलं.

"घर माणसाच्या नावावर असावं, असं लिहिलंच नाही. घर त्याच्यासाठी ठेवलेलं आहे का, एवढं विचारलंय. बापाचं असू दे, भावाचं असू दे. तुझी आई तुझी खोली झाडते?"

"झाडत होती."

"खाट ठेवली होती?"

"हो."

"मग तेच ते. नाव काढलंस तरी तेच."

मी विचारलं, मग तीस दिवस तरी बरोबर होते ना? शेणॉय म्हणाला, तीस बरोबर, पण अर्धं. इतकी वर्षं बाहेर काढलेला माणूस रहिवासी ठरला तरी कायदा त्याला लगेच पक्का धरत नाही. इथं मिळवलेल्या, इथंच हातात पडलेल्या पगाराला त्या वर्षी कोणी हात लावला नसता. आणि तरीही भीती होती तर, तो म्हणाला, मार्चच्या मध्यावर जायचं होतंस. एकतीस मार्चला वर्ष संपतं. अर्धे दिवस या वर्षात, अर्धे पुढच्या. सगळ्यांचे लाड करून आला असतास.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता.

"तू विचारलंस?" तो म्हणाला. "तू तर मला कारकुंडा म्हणत होतास." मग पुस्तक मिटून, "फी किती दिलीस त्याला?"

"पंचवीस."

शेणॉय हसला नाही, म्हणून मला जास्त लागलं. तो वेल्डर त्याच्या टेबलावर जाऊन बसला आणि पुढचा अर्धा तास त्यालाच प्रश्न विचारत राहिला. शेणॉयनं त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. गेली दोन वर्षं मी त्या माणसापासून दहा हातांवर जेवत होतो.

हे कळल्यावर मी अकोल्याच्या त्या माडीवर जाऊन त्या माणसाची कॉलर धरणार होतो. चार वर्षांनी, या वर्षी मार्चमध्ये, घरी गेलो तेव्हा खरंच गेलो तिथं. माडीवर आता रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वकीलसाहेब कुठं गेले ते कोणाला माहीत नव्हतं. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूसच नसला की ओरडणं आतच राहतं. ते घेऊन मी मेडशीला पोचलो आणि ते सगळं वसंतावर निघणार हे मला एसटीतच कळलं होतं.

घर बदललं आहे. वसंताचं लग्न झालं, दोन मुली आहेत. दादाची खोली म्हणून कोणी आता म्हणत नाही. तिथं तुरीची पोती आहेत, मुलींची झबली आहेत, भिंतीला शांतानं, वसंताच्या बायकोनं, खुंट्या मारून पाळणा बांधला आहे. यात कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. घर त्यांचं आहे, मीच लिहून दिलंय. मला बैठकीत खाट टाकली. उशीवर नवा अभ्रा होता, पाहुण्याला घालतात तसा. चहा कपबशीत आला. बाबा आणि माय पितळेच्या पेल्यात पीत होते.

"दादा, किती दिवस हायेस?" शांतानं विचारलं. सरळ विचारलं होतं तिनं, स्वयंपाकाच्या अंदाजासाठी. मला ते झोंबलं.

चौथ्या दिवशी मी विषय काढला. ओसरीवर बाबा होते, वसंता कासरा वळत होता. मी तयारी करून बसलो होतो. घराला पैसे कोणाचे लागले, परमिट कोणाच्या नावावर होतं, नाव का काढलं आणि ते का काढायला नको होतं, शेणॉय काय म्हणाला. सगळं एका दमात मांडलं आणि शेवटी म्हणालो, घरावर माझं नाव परत चढवायचं.

मला वाटलं तो भांडेल. मी त्यासाठीच आलो होतो.

"चढव," वसंता म्हणाला. कासऱ्यावरून नजरही उचलली नाही. "उद्या पंचायतीत जाऊ. पन एक वर्ष अठी राह्य."

"म्हंजे?"

"म्हंजे राह्य. घरात. एक वर्ष. मंग नाव तुहं."

"वर्षभर कसा राहू? नोकरी हाय माही. दोन महिने."

"दोन महिन्यात पाहुना जाते. दहा."

"तीन."

"दादा, तीन महिन्यात तुले गावातले नवे पोट्टेबी ओळखनार नाईत. नऊ."

"चार. याच्यावर एक दिवस नाई."

"आठ," तो म्हणाला आणि कासऱ्याची गाठ आवळली.

मी उठलो. सवयीनं उठलो. सूकमध्ये असं उठलं की मागून हाक येते. मी ओसरीची पायरी उतरलो, अंगणात आलो, बाहेरच्या नालीपर्यंत गेलो. हाक आली नाही. मागं वळून पाहिलं तर वसंता गोठ्याकडे निघाला होता. ओसरीवर बाबा हसत होते. घरावरचं नाव काढल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

"बस ना खाली," ते म्हणाले. "तुह्यापेक्षा चिवट हाय तो. माह्यावर गेला."

मी एप्रिलच्या मध्यावर कुवेतला परत आलो. अर्धे दिवस एका वर्षात, अर्धे दुसऱ्यात, शेणॉयनं सांगितलं तसे. निघताना स्टँडवर माय आली होती. या खेपेला मी किती दिवस राहिलो ते तिनं मोजलं नव्हतं, आणि मला ते आधीपेक्षा वाईट वाटलं.

सौदा अजून उघडा आहे. मी चारवर, वसंता आठवर. पत्रात आम्ही दोघंही तो विषय काढत नाही, पण मी त्याला ओळखतो, तोही मला ओळखतो. सहावर पटेल. शेणॉयला मी परवा विचारलं की समजा, सहा महिने राहिलो तर? त्यानं पुस्तक न उघडता सांगितलं, एकशे ब्याऐंशी दिवस भरले की कायदा घराचं काही विचारत नाही. कोणाचं, कोणासाठी, काही नाही. माणूस तिथं राहिला, म्हणजे तो तिथला.

कंपनी दोन महिन्यांपेक्षा जास्त रजा देत नाही. वसंताला हे भाव सांगतानाच माहीत होतं. तो घरावरचं नाव विकत नव्हता. नोकरी सोडून मी कधी परत येतो ते तो विचारत होता, आणि मी चार महिने म्हणालो.